आपलं पाणी आपण आणायचं

अंबाजोगाईत बोअरच्या पाण्यानं काच धुवा आणि उन्हात तशीच वाळू द्या. थोड्याच वेळात तिच्यावर पांढरे गोल ठिपके उमटतात. ओल्या फडक्यानं पुसले की पसरतात आणि वाळले की पुन्हा दिसतात. पुण्यात मी हिंजवडीच्या इमारतींच्या काचा दोराला लटकून धुतल्या आहेत. तिथं धरणाचं मऊ पाणी असायचं. साबणाचा हात फिरवला, वरून खाली वायपर ओढला की काम झालं. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो, इथंच राहायचं ठरवलं आणि दुकानांच्या काचा धुण्याचं काम सुरू केलं. वायपर तोच होता, हातही तोच. फक्त पाणी बदललं होतं. या धंद्यात कसब अर्धंच असतं आणि उरलेलं अर्धं पाण्यात असतं, हे मला इथं समजलं.

हा आमच्या जमिनीचा गुण आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकावर आहे. भेगांमधून खाली झिरपणारं पाणी वाटेत खडकातला चुना आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअर खोल जाईल तसं बऱ्याच ठिकाणी पाणी आणखी जड होत जातं. काचेवरचा थेंब उडून जातो, क्षार मात्र तिथंच बसतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे माणसाला चालणारं पाणीसुद्धा काचेला चालत नाही. काचेवर फडकं न फिरवता ती डागाशिवाय वाळावी असं वाटत असेल, तर हा आकडा दहाच्या खाली लागतो.

आरओ बसवणारे एक भाऊ ओळखीचे होते. ते म्हणाले, "दादा, एवढा विचार कशाला करता? जारचं पाणी घ्या, नाहीतर मोठं मशीन बसवून देतो." त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण साधं आरओ मशीन एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर नालीत सोडतं. ते मला पटेना.

२०१६ चा उन्हाळा आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. मांजरा धरण आमच्या जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. ते आटलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. माझे आईवडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. दिवाळीनंतर कारखान्याच्या टोळीत आणि उन्हाळ्यात परत गावी, म्हणजे नेमके टँकरच्या दिवसांत. कळशीचा नंबर लावून आई किती वेळ उभी राहायची, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. अशा जिल्ह्यात दुकानाची काच चकचकीत करायला पिण्याचं पाणी वापरायचं, हे माझ्या मनाला कधीच मान्य होणार नव्हतं. काम सुरू करतानाच ठरवलं होतं की टँकरचं, जारचं, नळाचं पाणी काचेवर घालायचं नाही. ज्याला धुवायचं आहे त्यानं आपलं पाणी आपण आणावं.

मग उरलं ते आभाळाचं. पहिल्या मोठ्या पावसात अंगणाच्या मधोमध स्टीलचं घमेलं ठेवलं, वर झाड नाही की पागोळी नाही अशा जागी. त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं पेन बुडवलं. आकडा पंधराच्या आत. घरामागच्या बोअरचा आकडा नऊशेच्या घरात होता. तेव्हापासून या पाण्याची माझी ओढ कमी झालेली नाही.

सामान ठेवायला भाड्यानं घेतलेलं पत्र्याचं शेड वीस बाय चाळीस फुटांचं आहे, म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हिशोब इतका सरळ आहे. दहा मिलिमीटरची सर आली तरी सांडलवंड जाऊन सहाशे लिटर हाती लागतात. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास धरला, तर या एका पत्र्यावरून पस्तीस हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. दुष्काळात पाऊस निम्म्यावर आला तरी सतरा-अठरा हजार लिटर. कमी पडतो तो पाऊस नव्हे, साठवायची जागा. माझ्याकडं पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आहेत. काळ्याच घ्यायच्या, कारण आत उजेड गेला की शेवाळं धरतं. आवारात जुना सिमेंटचा हौद होता, तोही भरून पाहिला. पण सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि काही दिवसांत आकडा शंभरच्या पुढं जातो. हौदाचं पाणी आता अवजारं धुवायला.

माळवदाच्या घराचं पाणी या कामाला चालत नाही, त्यात माती उतरते. पत्रा चांगला. पत्र्याच्या उताराला पीव्हीसी पाइप मधोमध चिरून पन्हळ केली, तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधली. त्यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पहिलं पाणी बाजूला काढायचं. उन्हाळाभर पत्र्यावर बसलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाचोळा हे सगळं पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसात खाली येतं. पुस्तकांत यासाठी उभा बंद पाइप दाखवतात, पण सहा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये अठरा लिटरच पाणी मावतं. मला सुरुवातीचं किमान शंभर-दीडशे लिटर टाकायचं असतं. म्हणून दोनशे लिटरचा निळा ड्रम लावला. पन्हळीचं पाणी आधी ड्रममध्ये पडतं. ड्रम भरला की वरच्या टी-जोडातून पुढं टाकीकडं वळतं. ड्रमच्या बुडाची तोटी किंचित ढिली ठेवली आहे, ती थेंब-थेंब गळत राहते आणि पुढच्या पावसापर्यंत ड्रम आपोआप रिकामा होतो. त्या पाण्यावर शेडसमोरचा कडुनिंब वाढला आहे.

टाकीत पाणी दोन-तीन दिवस निवळू द्यायचं. गाळ खाली बसतो, म्हणून पाणी घ्यायची तोटी बुडापासून वीतभर वर. आमच्याकडं गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची जुनी सवय आहे. पिण्याच्या पाण्याला ती उपयोगी आहे, पण तुरटी स्वतःच क्षार आहे, काचेच्या पाण्यात ती नको. निवळलेलं पाणी मी छोट्या पंपानं पाच मायक्रॉनच्या स्पन फिल्टरमधून आणि मग कोळशाच्या फिल्टरमधून काढतो. इथपर्यंत आकडा पंचवीस-तीस असतो. पत्रा, पन्हळ, टाकी सगळे आपापलं थोडं-थोडं त्यात घालतात. शेवटी रेझिनची नळी. त्यातले बारीक मणी उरलेले क्षार धरून ठेवतात आणि पाणी शून्याजवळ येतं. रेझिन महाग असतं. नऊशेच्या आकड्याचं बोअरचं पाणी त्यातून काढलं तर बघता-बघता संपतं. तीसच्या आकड्याचं पावसाचं पाणी तीच नळी जवळपास तीसपट देते. माझा धंदा उभा राहिला तो या फरकावर.

या पाण्याला साबण लागत नाही. लांब काठीच्या टोकाला ब्रश, पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप. हा पंप नवाच घ्यावा. तणनाशक मारलेला पंप किती धुतला तरी या कामात आणू नये. ब्रशनं धूळ सुटते, वरून पाण्याचा हलका हात, आणि काच तशीच वाळू द्यायची. ती वाळताना बघत उभं राहायला मला आजही आवडतं. अंबाजोगाईतले एक सराफ शेठ पहिल्या वेळी खुर्ची टाकून समोर बसले होते. "पुसणार नाही? मग डाग पडणार." काच वाळली. शेठ उठले, जवळ गेले, तिरकं होऊन पाहिलं, बोट फिरवलं आणि आत जाऊन चहा सांगितला.

धूळ गावागणिक वेगळी असते. परळीत राखेचा करडा थर बसतो. तो कोरड्या फडक्यानं कधी पुसू नये, काचेला ओरखडे पडतात. माजलगावकडं गळीत हंगामात कारखान्यांची काळी काजळी उडते. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू चिकटतात. रस्त्याची कामं सुरू असतील तिथं तांबडा-पिवळा मुरूम. त्या-त्या गावच्या पत्र्यावरचं पहिलं पाणीही तसंच उतरतं. म्हणून मृगाचं पाणी मी सहसा साठवत नाही, पत्रा धुऊन घेण्यापुरतं ते. पुष्य-आश्लेषाचं पाणी चांगलं. टाक्या काठोकाठ भरून ठेवायच्या त्या परतीच्या पावसात, उत्तरा आणि हस्तात. पुढच्या मृगापर्यंत पुरवायचं असतं तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा आणि सिंदफणेला पूर आले, शेतं खरडून गेली, लोकांचं अतोनात नुकसान झालं. त्या दिवसांत टाक्या केव्हाच भरल्या होत्या आणि उरलेलं सगळं शेडसमोरच्या ओढ्याला जात होतं. आमच्याकडं पाणी येतं तेव्हा असं येतं आणि जातं तेव्हा रेल्वे मागवावी लागते. घराघरांनी थोडं-थोडं धरून ठेवायला हवं होतं, असं त्या वेळी फार वाटलं.

आता कामाचा मोठा भाग सोलर पॅनेलचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं, आणि गावोगाव छतांवर पॅनेलं चढली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून शेतातही आली. शेतकरी पंप सुरू करतो आणि त्याच पाइपनं पॅनेलवर बोअरचं पाणी मारतो, तेही भर दुपारी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारणं धोक्याचं. शिवाय दरवेळी क्षाराचा एक थर वाढतो. केज तालुक्यातल्या एका आबांच्या पॅनेलवर तो इतका जमला होता की काच दुधी दिसत होती. आबा म्हणाले, "फरशीचं ॲसिड आणून ठेवलंय, मारू का?" हात जोडून थांबवलं. त्या ॲसिडनं ॲल्युमिनियमची चौकट खाल्ली जाते आणि काचेवरचा लेपही जातो. लिंबूसत्व पावसाच्या पाण्यात पातळ करून, थोडा वेळ ठेवून, हलक्या हातानं तो थर काढला. खालच्या चौकटीला चिकटलेली चिखलाची पट्टी निघाली तेव्हा आबा म्हणाले, "एवढीच तर होती ती!" पण त्या पट्टीखाली खालच्या ओळीतले सेल झाकले जातात आणि अख्ख्या पॅनेलची वीज घटते.

एका पॅनेलला मला दोन-तीन लिटर पाणी पुरतं. एप्रिलअखेर टाक्यांचा तळ दिसायला लागतो. तेव्हा जेवढं पाणी तेवढंच काम घेतो, बाकीच्यांना पाऊस पडल्यावर या म्हणून सांगतो. काही गिऱ्हाइकं तुटतात. टँकर मागवून ती राखावीत, असं मला वाटत नाही.

ज्यांच्या छतावर पॅनेल आहे किंवा बसणार आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. तीन किलोवॅटला सहाच्या आसपास मोठी पॅनेलं लागतात, मिळून पंधरा चौरस मीटर काच. वर्षाच्या पावसात तिच्यावरून सात हजार लिटरहून जास्त पाणी वाहून जातं आणि एकदा धुवायला पंधरा-वीस लिटर पुरतात. बसवणाऱ्याला सांगून खालच्या कडेला, पॅनेलवर सावली पडणार नाही अशी, एक पन्हळ आणि तिच्याखाली झाकणाचा ड्रम लावून घ्या. डासांसाठी जाळी बांधा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, आणि पहाटे काच गार असताना त्याच पाण्यानं पॅनेल धुवा. मला बोलवायची गरज पडणार नाही.