तूर्त गृहीत

'प्रिझम्प्टिव्ह' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ विद्यार्थ्यांस विचारला असतां बहुधा 'संभाव्य' असें उत्तर येतें. तें आम्हांस अपुरें वाटतें. संभाव्य गोष्ट घडेल किंवा न घडेल. तिच्या भरंवशावर कोणी व्यवहार करीत नाहीं. या शब्दाचा मात्र व्यवहाराशींच संबंध आहे. राजाला मुलगा नाहीं तोंवर थोरली मुलगी वारस. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांना १९३६ पासून १९५२ पर्यंत हेंच विशेषण लावीत. भाऊ जन्मता, तर तें गळून पडलें असतें.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'आधींच घेणें' असा आहे, आणि आपल्या 'गृहीत' शब्दांतहि 'घेणें' आहेच. परंतु आपलें गृहीत फार लवकर पक्कें होतें. मीमांसकांची अर्थापत्तिहि वेगळी: दिवसां न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे, तेव्हां तो रात्रीं जेवतोच, असा तिचा निश्चय. इंग्रजी शब्द इतका निश्चय करीत नाहीं. बाधक पुरावा आला तर मागें सरेन, असें त्याचें वचन असतें.

या वचनाची किंमत गिरगांव-परळास कळावी. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत या वस्त्यांतलीं पुष्कळ होतीं. ज्या घरीं प्रेतहि आलें नसेल, तेथील बाईनें कुंकू पुसावें कीं ठेवावें? जुन्या धर्मशास्त्रानें बेपत्ता माणसाची बारा वर्षें वाट पाहून पालाशविधि करावयास सांगितलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सात वर्षें धरलीं. २०२३ च्या नव्या कायद्यानेंहि तींच ठेवलीं. बोट बुडाल्यासारखा पुरावा असला तर न्यायालयास तितकेंहि थांबावें लागत नाहीं. पण कायद्याची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. ज्यांना वार्ता लागावयाची त्यांना सात वर्षें ती लागली नाहीं, तर 'तो मेला' असें कायदा म्हणत नाहीं. 'तो जिवंत आहे असें म्हणणारानें तें सिद्ध करावें', एवढेंच म्हणतो. मिळकतीची वाटणी होते, परंतु दाराला कडी लागत नाहीं.

म्हणून आम्ही 'तूर्त गृहीत' असा प्रतिशब्द सुचवितों. यांतला 'तूर्त' न्यायालयांत नुसता सावधपणाचा वाटेल. पण ज्या घरीं खुंटीवरची टोपी वर्षानुवर्षें तशीच राहिली असेल, तेथें त्या दोन अक्षरांच्या आधारावर दिवस निघाले असतील. भाषांतरकारानें तीं गाळूं नयेत.