पाण्याचा माग

ॲनापोलिस, मेरीलँड

चि. निखिल यास,


तू पाठवलेली जाहिरात पाहिली. कॅटालिना ३०, बांधणी १९८४ ची, गाद्या नव्या, रंग नवा, मालक म्हणे ‘नाइलाजाने’ विकतोय. खाली प्राचीचा एका ओळीचा प्रश्न : चाळीस वर्षांची बोट कुणी घेतं का?

घेतात, आणि पुष्कळ जण घेतात. फायबरग्लासच्या कौटुंबिक बोटींचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये. ऱ्होड आयलंडच्या पिअरसन आडनावाच्या दोघा चुलतभावांनी तिथे ‘ट्रायटन’ नावाची २८ फुटी शिडाची बोट मांडली. त्यातल्या कितीतरी ट्रायटन आजही पाण्यात आहेत. फायबरग्लास कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, त्यामुळे साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या बोटी मोडीत न जाता साठत गेल्या आणि किमती उतरत गेल्या. एकट्या कॅटालिना ३० सहा हजारांहून अधिक निघाल्या.

लाकडाचं तसं नसतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली बोट. पण अटलांटिकमध्येच तिच्या शिवणीतून पाणी येऊ लागलं आणि त्यांना बुडी मारून त्या बुजवाव्या लागल्या. दोन पोरांना घेऊन शनिवार-रविवार फिरणाऱ्यांना हा उद्योग परवडणारा नाही. म्हणून फायबरग्लासच घ्या.

फक्त एक ध्यानात ठेवा. फायबरग्लास कुजत नसला तरी त्याच्या पोटात जे जे दडवलेलं असतं ते सगळं कुजतं, गंजतं, फुगतं. जुन्या बोटीची पाहणी म्हणजे पाणी कुठून शिरलं आणि कुठवर पोचलं याचा माग काढणं. गाद्या आणि रंग यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सुरुवात डेकपासून. बहुतेक बोटींचं डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूडचा गाभा. हलकं आणि कडक राहावं म्हणून हा खटाटोप. पण कठड्याचा प्रत्येक खांब, प्रत्येक कडी, प्रत्येक विंच बोल्टने बसवताना त्या गाभ्याला भोक पडतं. बोल्टभोवतीचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत सुकतं, पावसाचं पाणी झिरपतं आणि आतला लगदा होतो. वरून डेक चकचकीतच दिसतं. सर्व्हेअर, म्हणजे बोटीची तपासणी करणारा जाणकार, प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जातो : टण्, टण्, टण्, आणि एखाद्या खांबाच्या बुडाशी एकदम ‘धप्’. तिथे खडूने वर्तुळ काढतो आणि ‘धप्’ कुठपर्यंत ऐकू येतं ते पाहत वर्तुळ वाढवत नेतो. तळहाताएवढं वर्तुळ निघालं तर दुरुस्ती घरच्या घरी होते : भोक मोठं करायचं, ओला गाभा खरवडायचा, नीट वाळवून इपॉक्सी भरायचं आणि त्यातून नव्याने भोक पाडायचं. वर्तुळ डोलकाठीपासून कॉकपिटपर्यंत गेलं तर मजुरीच बोटीच्या किमतीच्या वर जाते. मग तिथूनच घरी परतायचं.

दुसरी जागा चेनप्लेटची. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात, त्या या. स्टेनलेस स्टीलला हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर एक संरक्षक पापुद्रा येतो. ओल्या डेकमध्ये अडकलेल्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, पापुद्रा टिकत नाही आणि पट्टी नेमकी न दिसणाऱ्या जागी बारीक चिरा पडून खचते. केबिनच्या आतून पाहिलं तर पट्टीखाली तपकिरी ओघळ दिसतात. मालक म्हणतो, ‘नुसता डाग आहे.’ त्याने पट्टी काढून दाखवली तर विश्वास ठेवावा. तारांचं वयही विचारा. दहा-पंधरा वर्षांपलीकडच्या तारा बदलाव्यात असाच सर्वसाधारण रिवाज आहे आणि विमा कंपन्याही हा प्रश्न विचारतात.

तिसरी जागा बुडाशी. कील म्हणजे बोटीला उलटू न देणारं तळाचं वजन. जुन्या कॅटालिनांमध्ये कील जिथे बोटीला जोडलेला असतो तिथे पुढच्या अंगाला आडवी चीर दिसते. नावाडी तिला ‘कॅटालिना स्माइल’ म्हणतात. त्या जोडाच्या वर बांधणीत प्लायवूड घातलेलं असे. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचलेल्या पाण्याने ते भिजलं की बोल्ट सैल पडतात आणि हसू फाकतं. केसाएवढी चीर असेल तर बोल्ट आवळून, जोड पुन्हा सील करून भागतं. पण हसण्यावारी नेऊ नका. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी रफिकी’ ही ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना अटलांटिकमध्ये तिचा कील निखळला आणि चारही ब्रिटिश खलाशी गेले. ती बोट वेगळ्या बांधणीची होती, हे खरं. तरीही ब्रिटिश अपघात तपास विभागाच्या अहवालानंतर, बोट तळाला आपटल्याच्या जुन्या घटना विक्रेत्याला थेट विचारायच्या असतात हे सगळ्यांच्या मनावर ठसलं.

तळावर फोड दिसले तर मात्र लगेच घाबरू नका. जेलकोट या बाहेरच्या थरातून पाणी आत शिरतं, रेझिनमधले न मुरलेले अंश त्यात विरघळतात आणि दाब वाढून फोड येतो. फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. दिसायला भयंकर, पण त्यापायी बोट बुडाल्याचं क्वचितच ऐकू येतं. भाव पाडून घ्यायला उत्तम.

आता इंजिन. १९८४ च्या बोटीत डिझेल असणार. त्याआधीच्या अनेक बोटींत ॲटॉमिक फोर हे पेट्रोल इंजिन असे. ते गुणी खरं, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये साठते. सुरू करण्याआधी दर वेळी ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर लावावाच लागतो. मालकाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन लवकर सुरू होत नाही हे मालकाला लपवायचंय असं समजा. तेलाची काडी दुधट निघाली तर तेलात पाणी गेलंय. सुरू झाल्यावर मागच्या एक्झॉस्टमधून ठरावीक लयीत पाणी उडायला हवं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा राहून राहून येत असेल तर पुन्हा पाण्याचाच संशय.

तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून हेही सांगते. २०१२ च्या सँडी वादळात ६५,००० हून अधिक हौशी बोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज होता. विमा कंपन्यांनी त्यातल्या असंख्य बोटी लिलावात काढल्या. धुऊन-पुसून त्या पुन्हा बाजारात आल्या. खाऱ्या पाण्यात भिजलेलं वायरिंग त्यांच्याबरोबरच आलं. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे वरच्या कडेजवळ बारा अक्षर-अंकांचा हल नंबर असतो. अमेरिकेत १९७२ पासून तो बंधनकारक आहे. त्यावरून आणि कागदांवरून ती २०१२ मध्ये कुठे होती ते काढता येतं. कोस्ट गार्डकडे तिची नोंद असेल तर टायटलचा उतारा मागवा. मागच्या मालकांची नावं आणि अंगावरचं कर्ज त्यात दिसतं. यार्डाचं थकलेलं बिल मात्र उताऱ्यात नसूनही बोटीच्या मागे लागून नव्या मालकापर्यंत येऊ शकतं, म्हणून ज्या मरीनात बोट उभी आहे तिथल्या ऑफिसात विचारून या.

प्राचीने दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली खोली. इथल्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली साधारण २१ फूट, आणि मुलांना आवडतील अशा खाड्या याहून कितीतरी उथळ. साध्या कीलच्या कॅटालिना ३० ला तरंगायला सव्वापाच फूट पाणी लागतं. आखूड कीलची सापडली तर सेंट मायकल्सजवळच्या खाड्यांत तुम्ही निवांत नांगर टाकाल. दुसरी संडासाची नळी. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला तसाच सोडायला बंदी आहे, त्यामुळे तो टाकीत साठतो आणि जुन्या रबरातून वास बाहेर पडतो. फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून नळीभोवती गुंडाळायचं आणि थंड झालं की हुंगायचं. फडक्याला वास आला तर नळ्या बदलण्याचा खर्च भावात धरा. एक रात्र तो वास सोसला की पोरं पुन्हा बोटीवर यायला तयार होत नाहीत.

व्यवहाराचं थोडक्यात. ऑफर लेखी द्या, ‘सर्व्हे आणि चाचणी सफर समाधानकारक झाल्यास’ या अटीवर. साधारण दहा टक्के अनामत ब्रोकरच्या स्वतंत्र खात्यात राहते. ब्रोकर गोड बोलतो, पण त्याचं कमिशन विक्रेता देतो हे विसरू नका. त्याने सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नका. सर्व्हेची फी फुटाला वीस ते तीस डॉलरच्या घरात, बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च वेगळा, दोन्ही तुमच्याच खिशातून. बोट मेरीलँडच्या पाण्यात ठेवलीत तर ५ टक्के करही धरा. मग मरीनाचं भाडं, विमा, दर वर्षीचा तळाचा रंग. हातातले सगळे पैसे किमतीतच घालू नका. निदान एक चतुर्थांश पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

ब्रोकरला आजच फोन करून हल नंबर आणि तारा कधी बदलल्या ते विचार. सर्व्हे मधल्या वारी ठेव, शनिवार-रविवारी यार्डात बोट उचलायला नंबर लागत नाही. तारीख ठरली की कळव, आदल्या रात्री मुक्कामाला इथेच या.

तुझी,
मावशी