नकाशात नसलेलं गाव

सिव्हिलला आल्यापासून एक वाक्य पाठ झालंय : आधी नकाशा पास, मग बांधकाम. बिल्डिंग प्लॅनिंगच्या तासाला सर फळ्यावर प्लॉट काढतात. पुढे-मागे किती जागा सोडायची, एफएसआय किती, सगळं सांगतात. त्या प्लॉटभोवती गाव आहे आणि ते सरकारच्या नकाशात आहे, हे आपण धरूनच चालतो. पण जगात अशीही गावं आहेत की जी नकाशातच नाहीत.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. बेथलेहेम, हेब्रॉन ही नावं मला ख्रिसमसच्या नाटकांतून आणि बायबलच्या गोष्टींतून माहीत. त्या गोष्टींत मेंढपाळ हमखास असायचे. हेब्रॉनच्या दक्षिणेच्या डोंगरात आजही पॅलेस्टिनी मेंढपाळ राहतात. त्या वस्त्यांना मसाफर यत्ता म्हणतात. शेळ्यामेंढ्या, थोडी शेती, पावसाचं साठवलेलं पाणी आणि राहायला डोंगरातल्या गुहा. या वस्त्यांवरच्या 'नो अदर लँड' या डॉक्युमेंटरीला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा आम्ही ती हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिली. त्यात शाळेवर बुलडोझर चालतो. त्या रात्री मेसमध्ये कोणी फारसं बोललं नाही.

मग मी वाचायला घेतलं. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारात वेस्ट बँकचे ए, बी, सी असे भाग पाडले. सी म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन. तिथे बांधकामाची परवानगी इस्रायली प्रशासन देतं. मुलांचं शिक्षण आणि आरोग्य मात्र पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे. म्हणजे मास्तर पाठवायचा एकाने आणि शाळेची भिंत पास करायची दुसऱ्याने! ही व्यवस्था तात्पुरती होती, पण ती तशीच राहिली.

परवानगीसाठी गावाचा मंजूर आराखडा लागतो. जॉर्डनच्या १९६६ च्या कायद्यात स्थानिक लोकांच्या नियोजन समित्या होत्या. त्या १९७१ च्या लष्करी आदेशाने गेल्या. आता बहुतेक वस्त्यांना आराखडाच नाही. आराखडा नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून घर बेकायदेशीर, बेकायदेशीर म्हणून पाडा. माझी रूममेट कॉम्प्युटरची. ती म्हणाली, "अगं, हा तर इन्फिनिट लूप आहे!" २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत सी भागातल्या पॅलेस्टिनी लोकांनी १४८५ अर्ज केले, त्यातले २१ मंजूर झाले. आपल्या सबमिशनचा रेटसुद्धा याहून बरा असतो.

माझे बाबा नगरपालिकेत बांधकाम विभागात आहेत. फोनवर त्यांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "नियम नसतील तर गावाची वाट लागेल. बेकायदेशीर ते बेकायदेशीर."

मी म्हटलं, "बाबा, त्यांनी अर्ज केले होते."

"मग कोर्टात जायचं."

"गेले ना. १९८० च्या सुमारास तिथे लष्कराच्या सरावाचं क्षेत्र जाहीर झालं, १९९९ मध्ये लोकांना बाहेर काढलं. २००० मध्ये कोर्टाने तात्पुरतं परत येऊ दिलं. शेवटचा निकाल २०२२ मध्ये लागला, विरोधात. सरकार म्हणालं हे लोक तिथे कायमचे राहतच नव्हते, कोर्टाने ते मानलं. लोक म्हणतात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहोत."

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बावीस वर्षं? तोवर घराला नुसतं प्लॅस्टरही करता आलं नसेल त्यांना."

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांचं आधीचंही खोटं नाही. नियमाशिवाय गाव चालत नाही. पण सुसियाचं उदाहरण बघा. १९८३ मध्ये तिथे त्याच नावाची इस्रायली वसाहत झाली. १९८६ मध्ये पॅलेस्टिनी सुसिया प्राचीन अवशेषांची जागा म्हणून जाहीर झालं आणि लोकांना निघावं लागलं. ते शेजारच्या स्वतःच्या शेतात तंबू-पत्र्यांत राहिले आणि तिथेही बेकायदेशीर ठरले. वसाहतीत मात्र पक्की घरं, वीज, नळ.

मित्रमैत्रिणींनो, चार-पाच वर्षांत आपल्यातलेच काहीजण नकाशे पास करतील, नोटिसांवर सह्या करतील. कॅल्क्युलेशन आपली बरोबरच येतील, त्याची मला काळजी नाही. पण सही करण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावून घ्यायला हवी : या माणसाला कायदेशीर घर बांधायचा एक तरी रस्ता आपण ठेवला होता का? हा प्रश्न कुठल्याच पेपरला येत नाही. मला वाटतं, यायला हवा.