परत येशील याचा पुरावा काय?

युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा नाकारला गेला, की पासपोर्टबरोबर एक छापील फॉर्म हातात येतो. देश कोणताही असो, नमुना तोच. कारणांची यादी आधीच छापलेली असते, अधिकाऱ्याने फक्त चौकटीत खूण करायची. २०१६ साली वरोरा तालुक्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलीच्या फॉर्मवर खूण आली ती साधारण या अर्थाच्या ओळीपुढे : व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल, याबद्दल रास्त शंका आहे. तिचा अर्ज भरताना मी शेजारी बसले होते. ती म्हणते, आता त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. अजून वाटतं.

तिला जायचं होतं फक्त दहा दिवसांसाठी, मध्य युरोपातल्या एका छोट्या गावी. खेड्यांत मुलांबरोबर काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण होतं, पैसा युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’चा. हे नाव घेतलं की आपल्याकडे विद्यापीठाची शिष्यवृत्ती आठवते. पण या कार्यक्रमाचा एक भाग वर्गाबाहेरच्या शिक्षणासाठी राखलेला असतो : वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांची शिबिरं, स्वयंसेवा, कार्यकर्त्यांची तयारी. २०१४ ते २०२० या टप्प्यात युरोपाबाहेरच्या संस्थांनाही यातल्या काही प्रकल्पांत भागीदार होता येत असे. तरुणांची शिबिरं घेणारा आमचा गट असाच भागीदार झाला. दोन जागा वाट्याला आल्या. एक तिची, दुसरी पुण्याच्या एका मुलाची.

अशा आंतरराष्ट्रीय शिबिरांच्या चळवळीचं मूळ शोधायला गेलं तर ते पहिल्या महायुद्धाच्या ढिगाऱ्यात सापडतं. पियेर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर १९२० च्या हिवाळ्यात व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच गावात मूठभर माणसं घेऊन गेला आणि बेघर झालेल्यांसाठी घरं बांधू लागला. त्याच्या गटात जर्मन होते. ज्या मातीत चारच वर्षांपूर्वी दोन्हीकडची लाखो माणसं पडली, तिथे जर्मन हात फ्रेंच भिंती रचत होते. काही महिन्यांत स्थानिक अधिकाऱ्यांना ते खुपलं आणि काम आटोपतं घ्यावं लागलं. म्हणजे पहिल्याच शिबिरात प्रश्न उभा राहिला तो विटांचा नव्हता, इथे कोणी यावं आणि कोणी येऊ नये याचा होता. त्यातूनच पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला, तेव्हा पन्नाशी उलटलेला सेरेसोल थोड्या सोबत्यांना घेऊन मुझफ्फरपूरकडे आला आणि गावं नव्याने वसवण्याच्या कामाला लागला.

आणि मग आनंदवन. बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या माळरानावर वस्ती केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सेरेसोलच्या याच संघटनेचे छत्तीस देशांतले पन्नास तरुण तिथे येऊन राहिले आणि दवाखान्याच्या इमारती बांधून गेले. तोवर वरोऱ्याचे लोक आनंदवनातल्या भाजीला हात लावत नव्हते. परदेशातून आलेली शिकलीसवरलेली पोरं तीच भाजी रोज खातात, हे डोळ्यांनी दिसल्यावर गावाची भीती मोडली आणि भाजी खपू लागली. आमच्या भागात ही गोष्ट आजही सांगतात. त्या पन्नास जणांच्या वडिलांच्या नावावर किती जमीन आहे, हे त्यांना कुणी विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही.

ही मुलगी त्याच तालुक्यातली. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी गेली होती. मूल तालुक्यात १९६७ पासून मे महिन्यात ही छावणी भरते. विदर्भातल्या त्या उन्हात पहाटे घमेली हातोहात सरकत राहतात, दुपारी भाषणं आणि वादावादी, रात्री गाणी. तिथून परतल्यावर तिने आपल्या गावात शनिवारी मुलं जमवायला सुरुवात केली.

त्या शनिवारांतला एक खेळ मी पाहिला आहे. शाळेच्या पटांगणात सारवलेल्या जागी मुलं रांगोळीने गावाचा नकाशा काढत. नाला निळा, रस्ते पांढरे, घराघरासाठी एकेक खडा. मग ती विचारायची, पाणी कुठून भरता? मुलं हातपंपाच्या जागी बांगडीचा तुकडा ठेवायची. चालू पंपाला हिरवा, बंद पंपाला लाल. गावाच्या एका वस्तीत लालच तुकडे दिसले, तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “यांचेच पंप कसे बिघडतात?” ताईने उत्तर दिलं नाही. कोणाला विचारायला हवं, एवढंच तिने मुलांना विचारलं. पोरं ग्रामसभेत जाऊन बसली. एक पंप दुरुस्त झाला, दुसरा झाला नाही. या शिक्षणाला गुण नाहीत, पास-नापास नाही, आणि ते शिकवलं कुणी हे नेमकं सांगताही येत नाही. युरोपातल्या प्रशिक्षणात तिला हेच करून दाखवायचं होतं. रांगोळीच्या पुड्या तिने वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवल्या होत्या.

आता कागदपत्रं. इथे मी थांबणार आहे, कारण सगळा अन्याय या कागदांतच आहे.

बँकेचं स्टेटमेंट हवं होतं, मागच्या काही महिन्यांचं. तिचं खातं शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं; पैसे यायचे आणि फी भरली की संपायचे. कुणीतरी सुचवलं, मामाकडून लाखभर रुपये खात्यात टाका. पण अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली रक्कम उलट संशय वाढवते, म्हणून ते सोडलं. मग वडिलांचं आयकर विवरणपत्र. वडील कापूस आणि सोयाबीन पिकवतात. आपल्या देशात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही कधी भरलेलं नाही. हे आम्ही इंग्रजीत पत्र लिहून समजावलं. मग मालमत्तेचा पुरावा. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली, वारसांचा फेरफार तलाठ्याकडे अडकलेला. त्याचाही अनुवाद केला, नोटरीचा शिक्का मारून घेतला. कॉलेजचं बोनाफाईड जोडलं. तीस हजार युरोंचं किमान संरक्षण देणारा प्रवासविमा काढला. राहणं, जेवण, प्रवास सगळं यजमान संस्थेकडे, असं निमंत्रणपत्रात स्पष्ट होतं.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. त्यासाठी नागपूरहून रात्रभराची गाडी, मुंबईत दादरला नातेवाइकांकडे अंघोळ, आणि सकाळी रांग. युरोपीय संघाच्या व्हिसा नियमावलीत एक चांगलं कलम आहे : ना-नफा संस्थेच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींना व्हिसाशुल्क माफ. ते कलम आम्ही छापून नेलं होतं. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं, आतून विचारून आला आणि शुल्क घेतलंच. भांडायची ती वेळ नव्हती. मग चार प्रश्न. लग्न झालंय का? नोकरी आहे का? घरचं उत्पन्न किती? याआधी परदेशात गेली होतीस का? कामाबद्दल एकही प्रश्न नाही. नकाशाचे फोटो फाईलमध्ये होते, ते पान उलटलं गेलं नाही.

यातली जी गोष्ट मला पचत नाही, ती अशी. ज्या कार्यक्रमाच्या पैशातून ती जाणार होती, त्याच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं असतं की ज्यांना संधी कमी मिळाल्या अशा तरुणांना प्राधान्य द्या. गरिबी, दुर्गम भाग, शिक्षणातल्या अडचणी हे सगळं त्यात नावानिशी येतं. आमच्या प्रकल्पाच्या अर्जात तिची माहिती आम्ही त्याच रकान्यात भरली होती : खेड्यातली, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तिची निवड होण्यात या माहितीचा वाटा होता. व्हिसाच्या अर्जात गेली तीच माहिती. नोकरी नाही, मालमत्ता नाही, अविवाहित, पूर्वी कधी प्रवास नाही. एका टेबलावर ज्या कारणांनी तिला बोलावलं, दुसऱ्या टेबलावर त्याच कारणांनी तिला थांबवलं. दोन्ही टेबलं युरोपीय करदात्याच्याच पैशाची. बावीस वर्षांच्या माणसाकडे परत येण्याचा पुरावा म्हणून काय असणार? तिचं गाव होतं, शनिवारची मुलं होती. त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

नकाराविरुद्ध अपील करता येतं, त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. कागद तयार होईस्तोवर प्रशिक्षण संपून गेलं. यजमान संस्थेतल्या बाईंनी तिकडे फोनवर फोन केले, त्यांचाही आवाज बसला होता. त्यांचा दोष नव्हता.

पुण्याच्या मुलाला व्हिसा मिळाला. वडिलांचं कंपनीचं पत्र, तीन वर्षांची विवरणपत्रं, आधीची सिंगापूरची सहल. मुलगा गुणी आहे, हे मुद्दाम लिहिते. रांगोळीच्या पुड्या त्यानेच नेल्या, तिच्याकडून सगळं समजून घेतलं आणि तिकडे तिचं नाव घेऊन तो खेळ घेतला. फोटो आले. लाकडी फरशीवर आठ देशांची मंडळी गुडघ्यांवर बसून एका युरोपीय गावाचा नकाशा काढत होती. खूप छान झालं होतं. मला तो फोटो नीट बघवला नाही. त्याला युथपासही मिळाला. हे प्रमाणपत्र २००७ पासून देतात आणि त्यात आपण काय शिकलो हे शिकणाऱ्याने स्वतःच लिहायचं असतं. ती कल्पना मला अजूनही फार आवडते.

त्या रागात मी गटाच्या बैठकीत म्हटलं होतं, हे सगळं बंद करू. आपल्याकडे काय कमी आहे? राष्ट्र सेवा दलाची शिबिरं १९४१ पासून चालू आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली आणि गावोगावची कॉलेजं तिच्यात आहेत. सोमनाथ तर घराजवळच आहे. विमानाच्या तिकिटात आमची दहा शिबिरं होतील.

बंद काही केलं नाही. पण परदेशाशी संबंध ठेवणाऱ्या संस्थांना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. निवड निदान चार महिने आधी करा. सहा आठवडे आधी केलेल्या निवडीत फक्त आधीच पासपोर्ट असलेली मुलं टिकतात. आणि तिकिटाचे पैसे आधी द्या. बहुतेक प्रकल्पांत तिकीट स्वतः काढायचं, परत आल्यावर बोर्डिंग पास दाखवून पैसे घ्यायचे, अशी रीत आहे. ज्याच्या घरात पन्नास हजार रुपये दोन महिने अडकवून ठेवण्याची ऐपत नाही, तो तिथेच गळतो. आणि मुलांच्या आई-वडिलांना : स्वयंसेवेच्या नावाखाली लाखांत पैसे मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. सचोटीच्या शिबिरात नोंदणीचं किरकोळ शुल्क असतं आणि तुमच्या मुलाला तिथे राबावं लागतं.

पुढच्या वर्षी ती नेपाळला गेली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे जवळपास नऊ हजार माणसं गेली होती आणि नुवाकोट जिल्ह्यातल्या एका शाळेच्या बांधकामासाठी स्वयंसेवक हवे होते. भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. नागपूरहून गोरखपूर, तिथून सुनौली, ओळखपत्र दाखवलं की पलीकडे. दगडी भिंत रचताना ठरावीक उंचीवर सळयांचा पट्टा का घालायचा, हे तिथल्या गवंड्याने तिला हातवारे करून शिकवलं. शिबिरात जपानी होते, जर्मन होते, कोरियन होते. युरोपात जे भेटले असते ते तिला डोंगरात भेटले. हे ती आनंदाने सांगते. मला त्यातही टोचतं ते हे, की ते सगळेच तिला भेटायला कुठेही जाऊ शकत होते.

जर्मनीला ही एकतर्फी वाहतूक निदान जाणवली. तिथल्या सरकारने २००८ मध्ये ‘वेल्टवेर्ट्स’ हा कार्यक्रम सुरू केला, जर्मन तरुणांना वर्षभर आशिया-आफ्रिकेत पाठवायला. इकडच्या तरुणांनी तिकडे जाऊन वर्षभर काम करण्याची वाट काही वर्षांनी त्यात जोडली गेली. जाणाऱ्यांच्या मानाने येणारे अजून थोडेच, पण वाट आहे.

सध्या सिंदेवाहीच्या एका मुलाची फाईल आम्ही याच वाटेने पाठवतो आहोत. वडील शेतमजूर, त्यामुळे सातबारासुद्धा नाही. वरोऱ्याची ती मुलगी आता स्वतः शिबिरं घेते, दोन परदेशी स्वयंसेवक तिच्या गावात राहून गेले. तिचं म्हणणं ठाम आहे : “ज्यांना यायचं ते येऊ देत इकडे, आपण कशाला खिडकीपुढे उभं राहायचं?” बैठकीत मीही तेच म्हटलं होतं. आता पटत नाही. परक्या माणसाने येऊन ताटावर बसल्याशिवाय आनंदवनाची भाजी खपली नव्हती, आणि युरोपातल्या कुठल्या गावाला आपल्या पोरांच्या पंगतीला बसण्याची तशीच गरज असेल, हे तिला सांगून पाहिलं. तिला ते पटलं नाही. तरी फाईल तिने पूर्ण वाचली, बोनाफाईडवरची तारीख चुकल्याचं दाखवलं, आणि मुलाला ठसे द्यायला मुंबईला न्यायची जबाबदारी स्वतःकडे घेतली.