बिननंबरी भाग

ओहायोत माझ्या शेजारच्या घरात एक रिटायर्ड मशिनिस्ट राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गॅरेजमध्ये गाडी नाही, लेथ आहे. मी त्यांना मनातल्या मनात तात्या म्हणतो. ते मला ‘किड’ म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली दोन ज्युनियर आहेत, पण त्याचं त्यांना काही नाही.

मागच्या सप्टेंबरात त्यांच्याकडे एक खोका आला. कुरियरवाला दारात ठेवून गेला. सही नाही, ओळखपत्र नाही. तात्यांनी टेपवरून कटर फिरवला आणि आतून पिस्तुलाची फ्रेम काढली. फ्रेम म्हणजे मूठ, चाप आणि घोडा ज्यात बसतो तो सांगाडा. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेली, काळी, कडा अगदी स्वच्छ. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी दचकून हात मागे घेतला.

दचकायला कारण होतं. मी एच-वन-बीवर आहे, आणि इथल्या केंद्रीय कायद्यानुसार माझ्यासारख्या व्हिसाधारकाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं, अशी एक मजेशीर सूट आहे, पण मला ससाही मारायचा नाही आणि इमिग्रेशनच्या फायलीत नवीन कागदही नकोय. त्यात मी कोल्हापूरचा. निवडणूक लागली की परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस स्टेशनात जमा करायची, हे बघत वाढलेला.

तात्या हसले. म्हणाले, “हे पिस्तूल नाही. हा पार्ट आहे. पिस्तूल तिकडे आहे.” आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

हे समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. बहुतेक पिस्तुलांत कायद्याच्या लेखी फ्रेम हेच पिस्तूल असतं. नंबर तिच्यावर कोरलेला असतो, तीच नोंदली जाते. तात्यांचं पिस्तूल रुगर मार्क फोर. या घराण्याचं मूळ १९४९ सालचं. बिल रुगरनं एका जपानी नांबू पिस्तुलाचा अभ्यास करून त्याची रचना बेतली: वरती एक गोल नळकांडं, त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि पुढे नळी. खालची मूठ म्हणजे पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून, वेल्डिंग करून जोडलेले. किंमत साडेसदतीस डॉलर. त्या रचनेमुळे नंबर वरच्या नळकांड्यावर आला, आणि कायद्यानं त्यालाच पिस्तूल मानलं. खालचा भाग सुटा, बिननंबरी. तो कुणीही बनवावा, कुणीही मागवावा.

गंमत अशी की गोळी कधी सुटायची हे ठरवणारं सगळं, म्हणजे चाप, घोडा आणि घोड्याला अडवून धरणारा सिअर, या बिननंबरी भागात असतं. मला हात लावायला परवानगी असलेला अर्धा भाग हा.

फ्रेम बदलायची कशाला? तात्या बुल्सआय खेळतात. एका हातानं, उभ्यानं, दुसरा हात खिशात. हिवाळ्यात इनडोअर लीग असते, पन्नास फुटांवर. आधी दहा मिनिटांत दहा गोळ्या, मग वीस सेकंदांत पाच, मग दहा सेकंदांत पाच. पॉइंट टू-टूची गोळी ही रिमफायर. म्हणजे पेटणारा मसाला तिच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि ठोका काठावर बसतो. स्वस्त आणि जवळजवळ धक्का नसलेली. (आपल्याकडे राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते हीच गोळी मारून, आणि स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझसुद्धा हिचंच. दोघंही कोल्हापूरचे, हे तात्यांना मी आत्तापर्यंत चार वेळा सांगितलंय.) मोठ्या स्पर्धेत त्याच माणसाला पॉइंट फोर-फाइव्हही मारावं लागतं, म्हणून दोन्हींच्या मुठीचा कोन सारखा असला तर बरं. तात्यांची जुनी फ्रेम त्याच कोनाची, पण प्लास्टिकची. वरती जाड नळी. तोंडाकडे जड, मुठीत हलकं. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात सुरू झाल्यापासून मनगट ते वजन पेलेना. दहा सेकंदांत पाच म्हटलं की शेवटच्या दोन गोळ्या काळ्याच्या बाहेर. त्यांना वजन तळहातात हवं होतं.

तर काम असं ठरलं: जुन्या फ्रेममधले पार्ट काढून नवीत बसवायचे. बोटं त्यांची दुखतात, म्हणून बारीक पिना मी बसवायच्या. वरचं नळकांडं कपाटात कुलूपबंद, किल्ली त्यांच्या गळ्यात. मी खालच्या अर्ध्यावर, टेबललॅम्पखाली. दोन संध्याकाळी एक स्प्रिंग शोधण्यात गेल्या. ती लेथखालच्या तेलकट चुऱ्यात सापडली.

तिसऱ्या संध्याकाळी ते डॉक्टरकडे गेले होते आणि मी फ्रेम घरी आणली होती. पार्टच तर आहे.

इथे मी जे केलं ते नीट सांगायला हवं. सिअर माझ्या हातात होता, नखाएवढा स्टीलचा तुकडा. त्याच्या टोकाची एक बारीक कड घोड्याला अडवून धरते. चाप ओढला की ती कड सरकते आणि घोडा सुटतो. मी व्हिडिओ बघितले होते. त्यातली माणसं ही कड घासून आरशासारखी करत आणि म्हणत, बघा, चाप कसा लोण्यासारखा झाला. मला वाटलं तात्यांना सरप्राइज देऊ. खरखरीत काही दिसलं की ते गुळगुळीत करायचं, ही आमच्या धंद्याची खोड आहे. चालू असलेल्या कोडमध्ये हात घालून त्याला आम्ही ऑप्टिमायझेशन म्हणतो. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर बोटावर घेतला आणि दहा मिनिटं घासलं. छान चमकला. बसवून टाकला. सांगितलं नाही.

तात्यांनी पिस्तूल जोडलं. रिकामं असताना चापाला दोन पौंडांचं वजन अडकवून उचललं, कारण लीगचा नियम तो आहे: चापानं तेवढं वजन घोडा न सुटता उचललं पाहिजे. उचललं. टेस्ट पास. आमच्या भाषेत सगळं हिरवं.

शनिवारी रेंजवर मी मागच्या बाकावर, कानाला मफ लावून. तात्यांनी मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरल्या. मला वाटलं कंजूषपणा. त्यांनी हात उचलला, स्थिर केला, चाप ओढला.

दोन आवाज आले. इतके जवळ की मला आधी ते घुमल्यासारखं वाटलं. एक भोक कागदात, नऊच्या वर्तुळात. दुसरं कागदाच्या वर, लाकडी चौकटीत. चाप एकदाच ओढला होता. पहिल्या धक्क्यानं बोल्ट मागे जाऊन आला, दुसरी गोळी आत गेली, आणि घोड्याला अडवायला जी कड हवी ती थांबली नाही.

दोनच गोळ्या का भरल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. चापाचं काम केल्यावर हा माणूस नेहमी दोनच भरतो. पाच असत्या तर हात वर वर जात तिसरी, चौथी कुठे गेली असती, याचा हिशोब मी अजूनही अधूनमधून रात्री करतो. रेंजला छप्पर होतं. शेजारच्या लेनमध्ये एक बाई होती, तिच्या मुलीबरोबर.

तात्यांनी पिस्तूल खाली ठेवलं, रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, पेटीत घातलं. पार्किंगमध्ये विचारलं, “सिअरला काही केलंस?”

मी म्हणालो, नाही.

का म्हणालो, माहीत नाही. व्हिसा डोक्यात होता, हे खरं. पण ते पूर्ण खरं नाही. लाज वाटली हे जास्त खरं.

रात्री बाबांना फोन लावला. बाबा शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये तीस वर्षं फिटर. मी त्या शॉपमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी मला इंजिनियर केलं, आणि मीही सुटलो म्हणून खूश होतो. सगळं सांगितलं. पिस्तूल ऐकून आई मागून ओरडली. बाबांनी फक्त विचारलं, “किती नंबरचा पेपर?”

“दोन हजार.”

“बोटावर धरून?”

“हो.”

“मग कड गोल झाली असंल. आन् मोजलंस कितीदा?”

मी गप्प.

“ते सोड. म्हाताऱ्याला सांगितलंस का?”

सकाळी गेलो. तात्या लॅम्पखाली, डोळ्याला भिंग लावून. सिअर बाहेर काढलेला. मी दारातच म्हणालो, मी केलं, काल खोटं बोललो. त्यांनी भिंग काढलं नाही.

“किती नंबरचा पेपर?”

मला हसू आलं आणि रडूही. त्यांना दोन्हीचं कारण कळलं नसणार. त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. जिथं कोपरा हवा होता तिथं चमकदार उतार होता. कंपनीनं उष्णता देऊन कडक केलेला पृष्ठभाग असतो, म्हणाले, कोन मोजून ठेवलेला असतो; चमक म्हणजे अचूकपणा नव्हे. आणखी काही बोलले नाहीत. पुढचा आठवडाभर कुंपणावरच्या गप्पाही झाल्या नाहीत. नवीन सिअरचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले. ते घेतले याचं मला बरं वाटलं.

पार्ट आला तो नेमका खंडेनवमीला. सकाळीच बाबांनी शॉपचा फोटो पाठवला होता: लेथला झेंडूचा हार, व्हर्नियरला हळदकुंकू. तात्यांनी कुंपणावरून हाक मारली, पहिल्यांदाच. मी म्हणालो, आज आमच्याकडे हत्यारांना हात लावत नाहीत, त्यांची सुट्टी असते. त्यांना वाटलं मी टाळतोय. फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला, हारासाठी नव्हे. लेथ कुठल्या मेकचा ते शोधत होते.

“बरं. मग उद्या,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा सिअर मीच बसवला, ते शेजारी बसून बघत. कशालाही घासलं नाही. पुन्हा दोन पौंड, पुन्हा रेंज, पुन्हा दोनच गोळ्या. मी बाकावर न बसता भिंतीला टेकून उभा होतो. तात्यांनी हात उचलला. एक आवाज. मग ते थांबले, हात तसाच वर, आणि मला ऐकू यावं इतका वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी दुसऱ्यांदा चाप ओढला.