साठचा हातचा

आमच्या दादींचं माहेर भीमेकाठी होतं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातल्या इतर गावांबरोबर तेही गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. ते दगडी आहे. दादींचं घर मातीचं. ते काही वर येत नाही.

म्हणून वरकुट्याच्या घरी आम्ही तीन मोबाइलवर दादींना बोलतं केलं. विहीर कोणाची, कोणाच्या ओट्यावर सोयरिकी ठरायच्या. ईदला सगळे जमतील तेव्हा वीस मिनिटांची फिल्म दाखवायची, असं ठरलं.

पण कापाकापीआधी एकूण चित्रण किती, हे कळायला हवं. एका मोबाइलवर १ तास ५२ मिनिटं ४० सेकंद, दुसऱ्यावर २ तास ४७ मिनिटं ३५ सेकंद, तिसऱ्यावर ४८ मिनिटं ५० सेकंद. भाच्याने १.५२४०, २.४७३५ आणि ०.४८५० असे आकडे कॅल्क्युलेटरवर मारले. उत्तर ४.४८२५. "चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं!" म्हणजे दादींची चाळीस मिनिटं गायब. फळ्यावर हीच मुलं साठचा हातचा बरोबर घेतात. हाती यंत्र आलं की शंभराचा घेतात. सेकंद १२५, म्हणजे २ मिनिटं ५ सेकंद. मिनिटं १४७ अधिक २, म्हणजे २ तास २९ मिनिटं. एकूण ५ तास २९ मिनिटं ५ सेकंद.

(फुटेज हा शब्द फुटांवरून आलेला. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. फुटाला १६ चित्रं; सेकंदाला १६ चित्रं दाखवली तर तो सुमारे ६२ मिनिटं चालतो, २४ दाखवली तर ४१. आमचं त्या मानाने सोपं.)

त्यातलं १ तास १० मिनिटांचं बोलणं दोन मोबाइलनी एकाच वेळी टिपलेलं. मेमरी कार्डाला ते दोनदा मोजावं लागतं, पाहणाऱ्याला एकदाच. उरले ४ तास १९ मिनिटं. एवढं सगळं दादींना शेजारी बसवूनच पाहायचं, कारण त्या घेतात त्यातली निम्मी नावं आता दुसऱ्या कोणालाच माहीत नाहीत. आणि अर्ध्या तासाच्या पुढे त्यांना बसवत नाही. म्हणजे नऊ बैठका.

ईदला बारा दिवस आहेत. काल पहिली बैठक झाली. तीन नावं लिहून घेतली. चौथ्याला दादी थांबल्या, पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याद आया तो कल बोलती."