शिवणीतली रेघ

पीट माँद्रियान या डच चित्रकाराने लाल, निळा, पिवळा, पांढरी जागा आणि काळ्या सरळ रेघा एवढ्याच मोजक्या भांडवलावर आपली कला उभी केली. बाकी सारे त्याने हळूहळू सोडून दिले. १९४४ साली तो न्यूयॉर्कमध्ये निवर्तला.

१९६५ साली पॅरिसचा वेषरचनाकार ईव्ह सँ लोराँ याने त्या चित्रांवरून लोकरी जर्सीचे झगे बेतले. कापडाच्या जाणकाराने थबकावे ते येथे : चित्र कापडावर छापलेले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा स्वतंत्र कापून जोडला होता आणि देहाच्या वळणासाठी लागणारी शिवण रेघांच्या जोडात लपवली होती. झगा सपाट दिसे, तरी अंगावर नीट बसे. स्वस्त नकला लवकरच बाजारात आल्या. तयार कपड्यांच्या व्यापारात त्याचे नवल कोणास वाटावे?

सँ लोराँने पुढे माँद्रियानची मूळ चित्रे संग्रही ठेवली. त्याच्या निधनानंतर, २००९ साली, त्यांतील १९२२ चे एक चित्र पॅरिसच्या लिलावात दोन कोटी युरोंहून अधिक किमतीस गेले. ते रंगवले त्या सुमारास माँद्रियान पोटासाठी फुलांची चित्रे काढून विकत असे.